न बुडणारा हार

आमच्या शाळेतले शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत प्रवास करतात आणि शाळा उघडली की कोणी पचमढीचे सांगतात, कोणी रामेश्वरचे. त्या वर्षी मीही तीन दिवस प्रवास केला. तो सगळा वर्धा जिल्ह्याच्या आत, एस.टी.ने, भर उन्हात आणि एका प्लास्टिकच्या हारासोबत. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षे झाली होती. वाटेत प्रेक्षणीय स्थळे फारशी लागली नाहीत. तरी लिहितो आहे, कारण ज्यांच्या घरी फोटोवर असा हार लटकलेला आहे त्यांना आज ना उद्या याच वाटेने निघावे लागेल. माझ्या चुका त्यांच्या कामी याव्यात.

आधी हाराची हकीकत सांगतो. माझे वडील रोहण्याचे गाडीवान. लोकांचा कापूस बैलगाडीत भरून आर्वीच्या जिनिंगला न्यायचे. स्वतः अंगठा लावायचे, पण मला त्यांनी बी.ए., बी.एड. केले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी सातवीच्या पुढे गेलेले नव्हते. मी वर्ध्याच्या एका हायस्कुलात भूगोलाचा शिक्षक लागलो. पहिल्या पगारातून त्यांना धोतरजोडा घ्यायचे मी ठरवले होते. पण पगार हातात आला तेव्हा धोतर नेसणारा माणूस उरला नव्हता. मग धोतराऐवजी हार घेतला.

दुकानदार म्हणाला होता, "गुरुजी, हा कोमेजत नाही, सुकत नाही, कुजत नाही. तुमच्या नातवापर्यंत टिकेल." त्याने एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. आम्हीच ती खूशखबर समजलो.

रोहण्यात आलेला तो पहिलाच प्लास्टिकचा हार. बायका बघायला आल्या, वास घेऊन गेल्या. शेजारच्या काकू तर बरेच दिवस संध्याकाळी येऊन त्यावर पाणी शिंपडायच्या. दहा वर्षांत चुलीच्या धुराने त्याची गुलाबी फुले जखमेवरच्या जुन्या पट्टीच्या रंगाची झाली. एका फुलात पालीने दोनदा अंडी घातली.

रोहणा

आमच्याकडे अक्षय तृतीया हा पितरांचा सण. नव्या घागरी भरायच्या, पन्हे करायचे, गेलेल्या माणसासाठी पान वाढायचे. सणाला तीन दिवस उरले असताना मी घरी पोचलो. आईने पाण्याचा गडूही पुढे केला नाही.

"बापू, तुहा बाप सपनात आलता."

"काय म्हने?"

"मान खाजते म्हने."

"मान?"

"थ्या हारानं. धा वर्षं झाले. जित्तेपणी गळ्यात कधी काही घातलं नाई त्यानं, अन मेल्यावर हे दोरखंड. काढ थे."

मी स्टुलावर चढून हार काढला आणि शिकलेल्या माणसासारखा मोकळेपणाने म्हणालो, "देतो उकिरड्यावर टाकून."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बापाच्या गळ्यातला हार उकिरड्यावर? याच्यासाठी बी.ये. केलं का तुले त्यानं?"

आईचा धाकटा भाऊ, सुखदेवमामा, ओट्यावर तंबाखू चोळत बसला होता. भजनी मंडळात झांज वाजवतो, आईला बाई म्हणतो आणि देवालाही एकेरीत हाक मारतो. तो म्हणाला, "बाई, जाळून टाकू."

"एकदा जाळला न त्याले! आता पुन्हा?"

मग आईने निकाल दिला. "वाहत्या पान्यात सोडा. सणाच्या आधी. नाई सोडला तं मी त्याचं पान मांडत नाई. कोनत्या तोंडानं जेव म्हनू त्याले?"

आईने दहा वर्षांत माझ्याकडे काही मागितले नव्हते. लुगडे नेले तरी "कायले आनलं" म्हणायची. आणि वडिलांचे पान न मांडलेली अक्षय तृतीया मला कल्पनेतही बघवत नव्हती. जेवणाऱ्या माणसाला उपाशी ठेवणे हे आमच्या घरात कधी झाले नव्हते, मग तो माणूस मेलेला का असेना. मी हार कापडाच्या दुकानातून आलेल्या पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत भरला.

मामा उठला. "चाल, भाच्या. तुह्या बापाले फिरवून आनू. जित्ता होता तवा आर्वीच्या पलीकडं नेलं नाई कोनी."

माझे वडील मामाचे भाटवे. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात आणि मेव्हण्याला त्याची थट्टा करायचा हक्क असतो. तो हक्क मेल्यावरही संपत नाही, हे मला त्या तीन दिवसांत कळले.

वर्धा नदी

गावचा नाला होळीलाच आटला होता, म्हणून सरळ नदीवर गेलो. वर्गात मी हिला फळ्यावर निळ्या खडूने चांगली जाड काढतो. प्रत्यक्षात वैशाखात ती वाळूचे मैदान होती. त्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावलेल्या आणि पलीकडच्या काठाजवळ घोट्याएवढी धार.

"वाहते न?" मामा म्हणाला. "वाहते तं झालं. किती वाहते थे बाईनं सांगतलं नाई."

मी चपला काढल्या, हात जोडले, हार धारेत सोडला. दहा-बारा हात तो छान गेला. पुढे डबक्यात म्हशी बसल्या होत्या. एकीने पाण्यातून मान वर काढली ती हारासकटच. एक शिंग हारात, दुसरे बाहेर. तिला काही फरक पडला नाही. ती रवंथ करत राहिली.

काठावरचा राखणदार म्हातारा ओरडला, "गुर्जी, पोळा बैलाचा असते, थोही श्रावणात! तुमी वैशाखात म्हशीले सजवून राह्यले?"

मामा वाळूवर बसून हसला. हसून झाल्यावर म्हशीकडे बघून म्हणाला, "भाटव्या, तुले म्हशीचीच आवड. दूध प्यायचा न रोज लोटाभर!"

म्हाताऱ्याने हार काढून दिला, वर एक टरबूज फोडून दिले. बारीक बियांचे, लालभडक. नदीकाठी बसून हाताने खाल्लेल्या त्या टरबुजाची चव मी विसरणार नाही. साली आम्ही तिथेच टाकल्या, त्या म्हशींनी लगेच संपवल्या. हार मात्र कोणी खाल्ला नाही. तो पन्नीत घालून परत आणला.

हिंगणी

दुसऱ्या दिवशी मामाला युक्ती सुचली. हिंगणीला आईची थोरली बहीण, माझी मावशी, आणि मावशीजवळ बोरचे धरण. "थितं भरपूर पानी हाय. समुद्रच समज." समुद्र मामानेही पाहिला नव्हता आणि मीही नाही. मी तो दरवर्षी शिकवतो, एवढाच फरक.

मावशीने दारातच विचारले, "पिशवीत काय हाय?" मामाने सांगितले. ती म्हणाली, "अग बाई, जवाई पहिल्यांदाच आले माह्या घरी!" आणि हार खुंटीला टांगून त्याखाली पाट मांडला. आम्हाला पातोडीची भाजी वाढली. बेसनाच्या वड्या आणि त्यावर तर्रीदार रस्सा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही जेवलो. पाटासमोरही एक वाटी ठेवली होती. ती नंतर मामाने संपवली. "भाटव्याले तिखट सोसत नवतं," म्हणाला.

दुपारी धरणावर गेलो. सागाची पाने गळून गेलेली, टेकड्या उघड्या, मोहाच्या फुलांचा गोड वास सगळीकडे. आणि मधे एवढे पाणी की आमच्यासारख्या कोरड्या गावच्या माणसाला ते बघूनच उधळपट्टी वाटावी. मी पन्नी बाजूला ठेवून तोंड धुवायला वाकलो, तेवढ्यात एका वानराने पन्नी उचलली. झाडावर चढून ती फाडली, हार काढला, एक फूल कडकन चावले आणि थू करून सगळाच हार मामाच्या डोक्यावर फेकला.

"पाह्य," मामा म्हणाला, "यालेबी कळलं. आपल्याले धा वर्षं लागले."

आरडाओरडा ऐकून चौकीदार आला. काठी हातात, डोक्याला ओले फडके.

"काय टाकून राह्यले?"

"हार," मी म्हणालो. "वडिलांचा आहे. विसर्जन."

"फुलाचा का?"

"प्लास्टिकचा."

"मंग थांबा, भाऊ." तो काठी टेकवून उभा राहिला. "हे पानी उभं हाय. इथं टाकलं तं इथंच राह्यते. वाहते थे कालव्याचं. त्याच्या तोंडाले लोखंडी जाळी हाय. साऱ्या पन्न्या, हार, देवाच्या चुनऱ्या थितं येऊन अडकते. मी रोज सकाळी काढतो. काढलेलं घेऊन कुठं जाऊ? तुमी माह्यापाशी सोडता. मी कोनापाशी सोडू?"

मामाने डोक्यावरचा हार काढून माझ्या हातात दिला. चौकीदाराने वर सांगितले, "रागवू नका. हारच नाई, तुमची फाटकी पन्नीही उचला."

ती मी उचलली. मावशीने निघताना जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी दिली. तीत हार आणि फाटकी पन्नी, असे आता दोन नग झाले.

हिंगणघाट

सणाच्या आदल्या सकाळी आम्ही हिंगणघाटला उतरलो. मामाचे म्हणणे असे की वेना मोठी नदी, वर मोठा पूल, आणि पुलावरून टाकले की अडवायला चौकीदार नाही. त्या दिवशी मला हे म्हणणे पटले, हे कबूल करतो. संध्याकाळपर्यंत रिकाम्या हाताने घरी पोचायचे होते. शिवाय पुलावर आम्ही एकटे नव्हतो. नागपूर-हैद्राबाद रस्त्यावरचे ट्रक सारखे जात होते. आमच्या देखत एका एस.टी.च्या खिडकीतून बाईने निर्माल्याची गच्च बांधलेली पन्नी नदीत टाकली आणि डोळे मिटून नमस्कार केला. पन्नी तरंगत होती. बाई तोपर्यंत पुढच्या गावाला पोचली असेल.

मीही हार टाकला. हात जोडले. "बाबा, सांभाळून जा," एवढेच तोंडातून निघाले.

विसर्जनानंतर मागे वळून बघायचे नसते. आम्ही न बघता पूल उतरलो, टपरीवर चहा आणि गरम आलुबोंडे खाल्ले, आणि हातपाय धुवायला घाटाच्या बाजूने खाली गेलो. मन हलके झाले होते. मामाने एक अभंगही धरला.

खाली काठाला एक बाभूळ होती. बाभळीला हार लटकलेले होते. पिवळे, लाल, गुलाबी, चमकीचे, मोत्याचे. सगळे प्लास्टिकचे. बुंध्याशी कोणी शेंदूर लावलेला, नारळ फोडलेला, दोन उदबत्त्या विझलेल्या. मामाने अभंग थांबवून चपला काढल्या आणि कपाळ टेकवले.

"कोनता देव व्हय?" त्याने पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारले.

तो माणूस ढीवर होता. जाळे ओढत होता. कमरेपर्यंत ओला, वयाने मामाएवढा. "देव कायचा, बापा? वरून लोकं टाकते, माह्या जाळ्यात येते. कोनाच्या तरी मायबापाच्या गळ्यातले म्हनून फेकता येत नाई, म्हनून झाडाले टांगतो. आता टिरकवाले थांबून नारळ फोडून राह्यले. मांगच्या मंगळवारी एक बाई नवस बोलून गेली."

"पावला का नवस?"

"थे बाभळीले इचारा."

बोलता बोलता त्याने जाळे काठावर ओतले. बोटभर मासळी चार, एक रबरी चप्पल, खताच्या पोत्याचा तुकडा, बाईची ती निर्माल्याची पन्नी, आणि त्यात गुंतलेले माझे वडील.

म्हणजे हार. पण त्या क्षणी मला तसेच वाटले.

"तुमचाच न? आत्ताच टाकला," ढीवर म्हणाला. "वरून पडला तवा कोयडा होता." कोरडा म्हणायचे होते त्याला.

मामा घसा खाकरून म्हणाला, "भाच्या, आयकतं का? इथंच लटकवून देऊ. सोबत भेटीन त्याले. चार मानसं हाय, रोज उदबत्ती हाय. बाईले सांगू, सोडला म्हनून. खोटंबी नाई."

खरे सांगतो, माझा हात हारापर्यंत गेला होता. एवढे केले की आईने पान मांडले असते. तीन दिवसांचे ऊन संपले असते.

"लटकवा," ढीवर म्हणाला. "माह्यं काय जाते? पावसायात पूर येते तवा सारं धुऊन जाते. मांगच्या साली झाडाची अर्धी फांदी घेऊन गेलं."

"कुठे जातं?" मी विचारले.

"मले काऊन इचारता? दिसता तं मास्तरासारखे."

हे मात्र मला येत होते. दरवर्षी शिकवतो. मी छडी नसलेला हात वर करून सांगू लागलो. वेना वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळते, तिथून पुढे प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी समुद्राला. पोरे हे एका दमात म्हणतात, आणि ज्याला येत नाही त्याला मी बाकावर उभा करतो.

"अन समुद्र कोनाले मिळते?"

"कोणाला नाही. तिथे संपते."

ढीवराने ओल्या हाताने कपाळ पुसले. "म्हंजे थो बी माह्यासारखाच म्हना. साऱ्याइचं त्याच्या जाळ्यात, अन त्याच्या खाली कोनीच नाई."

मी बाभळीच्या सावलीत बसलो. दहा वर्षे मी हा धडा शिकवत होतो आणि त्या निळ्या रेघेवरून माझा हार निघाला आहे हे मला कधी दिसले नव्हते. ज्याला मी आजवर पाहिले नाही, ज्याने माझे काही बिघडवले नाही, त्या समुद्राला मी माझ्या पहिल्या पगाराची वस्तू पाठवत होतो. तीही नमस्कार करून.

"तुमचं जाळं नायलॉनचं आहे न?" मी विचारले. थोडे चिडूनच, कारण एकट्यानेच बाकावर उभे राहावेसे वाटत नव्हते.

"हाय न," तो लगेच म्हणाला. "माह्या बापाचं सुताचं होतं. दर साली सडे, दर साली इनाव लागे. हे सडत नाई म्हनून घेतलं. मांगच्या पुरात अर्धं तुटून गेलं. आता जितं असन थितं मासे धरून राह्यलं असन. ना मी खात, ना कोनी खात." "लय वाईट वाटते मले त्याचं. पन आता बोलावू कसं त्याले वापस?"

मी हार पिळला आणि लुगड्याच्या पिशवीत ठेवला.

"बाई झोडपीन तुले," मामा म्हणाला.

"झोडपू दे."

"मलेबी झोडपीन!"

"तुम्ही सोबत होता न?"

ढीवराने हसून हात वर केला. "येजो पुन्हा. पन रिकाम्या हातानं येजो."

पुन्हा रोहणा

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवून झाले होते. उद्याच्या घागरी ओळीने धुऊन पालथ्या घातलेल्या. आईने आधी पिशवीकडे बघितले.

"सोडला?"

मामा विहिरीवर पाय धुवायला गेला. तो बराच वेळ पाय धूत होता.

मी आईसमोर बसून सगळे सांगितले. म्हैस, वानर, चौकीदार, बाभूळ, ढीवर. "माय, थो बुडत नाई. कुजत नाई. सोडला की दुसऱ्याच्या जाळ्यात जाते. त्यानं सोडला की तिसऱ्याच्या. तू म्हनत असशीन तं मी पुन्हा जातो, पन सुटत नाई थो कोनाच्यानंच."

मी रागाची वाट बघत होतो. पानाचे काय, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. आईने हार हातात घेतला, दिव्याजवळ नेला, उलटून बघितला.

"कोनं आनलं होतं हे?"

"मीच."

"मंग तूच ठेव. लोकाच्या मांग काऊन लावतं?"

एवढेच. तीन दिवस मी ज्याच्यासाठी नद्या शोधत होतो त्याचा निकाल तिने दोन वाक्यांत लावला. मग रिठ्याचे पाणी करून तिने हार घासला. दहा वर्षांची काजळी निघाली आणि खालून तीच गुलाबी फुले निघाली, दुकानात होती तशी. "मेलं नवंच दिसून राह्यलं," ती म्हणाली, आणि हार माझ्या पिशवीवर आणून ठेवला. "त्याच्या मानेवरून निघालं न? झालं. आता तुह्या घरी ने."

सणाच्या सकाळी तिने परसातल्या कण्हेरीचा आणि मोगऱ्याचा हार गुंफला, सुताच्या दोऱ्यात. फोटोला घातला. पान मांडले. पुरण, कुरड्या, आंब्याचे पन्हे. मामाने पहिला घास घेण्याआधी फोटोकडे बघून विचारले, "काय भाटव्या, मान कशी हाय?"

आई पदर तोंडाला लावून हसली. वडील गेल्यापासून त्या फोटोसमोर ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तो कण्हेरीचा हार संध्याकाळीच माना टाकून बसला. दुसऱ्या दिवशी आईने तो लिंबाच्या आळ्यात टाकला. दसऱ्याला गेलो तेव्हा तिथे त्याचा दोराही शोधून सापडला नाही.

दुसरा हार वर्ध्याला माझ्या लोखंडी पेटीत आहे. हिंगणीची फाटकी पन्नीही त्याच पेटीत, घडी करून. माझ्या मुलांना मी सांगून ठेवले आहे की माझ्या फोटोसाठी नवा हार आणायचा नाही. पेटीतला काढायचा, रिठ्याने धुवायचा आणि घालायचा. आणला मी होता. आणि मान कितीही खाजली तरी मी कोणाच्या स्वप्नात येणार नाही.